मेट्रॉईडव्हेनिया गेम जपायचे कसे? इंदूरच्या नवख्या संग्राहकांसाठी

‘मेट्रॉईड’, ‘कॅसलव्हेनिया’, ‘हॉलो नाइट’ हे गेम डावीकडून उजवीकडे धावत संपवायचे नसतात. वाटेत बंद दार लागतं, ते उघडायची ताकद भलत्याच तळघरात सापडते, आणि मग ते दार नेमकं कुठे होतं हे आठवून मागे फिरावं लागतं. खेळणारे या प्रकाराला मेट्रॉईडव्हेनिया म्हणतात. इंदुरात किंवा आसपास राहून असे गेम जमवायला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी यातून गेले आहे. सुरुवातीला कुणाला विचारावं हेच कळत नाही आणि त्या काळात बरंच काही कायमचं हातचं जातं.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची कॅसेट आज लावली तरी पहिल्या पडद्यापासून अख्खा गेम हाती येतो. शोधाच्या गेमचं तसं नाही. त्यात सेव्ह (कुठवर खेळलो याची साठवण), नकाशा, पासवर्डची वही आणि गेमची नेमकी आवृत्ती हे सगळं गेमचाच भाग असतं. नुसती कॅसेट काचेच्या कपाटात राहिली आणि बाकीचं गेलं, तर पुढच्या संग्राहकाच्या हाती अर्धाच गेम पडतो.

१. काय जपायचं ते आधी ठरवा

सगळंच जमवायला निघालात तर पैसे आणि जागा दोन्ही संपतील. मी नवख्यांना एकच मार्ग सुचवते: प्रत्येक माध्यमाचा एक गेम घ्या आणि त्यावर हात बसवा.

‘मेट्रॉईड’ १९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या डिस्क सिस्टिमवर आला, तेव्हा सेव्ह चकतीवरच व्हायचा. पुढे अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये सेव्हची सोय नव्हती, म्हणून २४ अक्षरांचा पासवर्ड आला. १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉईड’मध्ये सेव्ह सांभाळायला आत बॅटरी आहे. १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ प्लेस्टेशनच्या सीडीवर आला आणि सेव्ह मेमरी कार्डवर गेला. २००४ चा ‘केव्ह स्टोरी’ दाइसुके अमाया यांनी एकट्याने बनवून संगणकासाठी फुकट दिला. २०१७ चा ‘हॉलो नाइट’ बहुतेकांनी फक्त डाउनलोड करूनच खेळला. प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे, म्हणून औषधही वेगळं.

२. साहित्य आणि कागदपत्रं

हत्यारं: ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (निन्टेन्डोच्या बऱ्याच कॅसेटींचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत), गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी तीन पात्यांचा पेचकस, मल्टिमीटर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, सिलिका जेलच्या पुड्या, झाकण घट्ट बसणारे डबे. अल्कोहोल औषधांच्या दुकानात मागितलंत तर ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात पाणी जास्त असतं, ते घेऊ नका. जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणारे रोज ९९ टक्क्यांचंच वापरतात, त्यांना विचारा.

संगणकाच्या बाजूने: कॅसेट वाचणारं यंत्र, सीडी ड्राइव्ह, दोन हार्डडिस्क. गेम बॉयच्या कुटुंबासाठी जीबीएक्सकार्ट किंवा जीबी ऑपरेटर चालतं. सुपर निन्टेन्डोसाठी रेट्रोड किंवा सान्नीचा ओपन सोर्स कार्ट रीडर.

कागद: खरेदीचं बिल किंवा पावती, विकणाऱ्याने पाठवलेले फोटो, परदेशातून मागवत असाल तर कुरिअरला लागणारं केवायसी. कस्टम्सचा भार गेमच्या किमतीत आधीच धरा. पार्सल दारात आल्यावर हिशेब करत बसाल तर महाग पडतं.

३. बाजाराआधी माळा

पहिली शोधमोहीम घरातच काढा. रामबाग, लोकमान्य नगर इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर ‘समुराई’ किंवा ‘मीडिया’ नावाचे टीव्ही गेमचे आठ-बिट डबे आणि पिवळ्या कॅसेटी अजून पडलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच कॅसेटी ‘इतके गेम एकात’ अशा नकली आहेत. त्यातून तुम्हाला ‘मेट्रॉईड’ मिळेलच असं नाही, पण आपल्याकडच्या मुलांच्या हातात खरोखर काय होतं याची नोंद त्याच करतात. फेकू नका. लेबलचा आणि मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

वेळ साधायची ती दिवाळीच्या साफसफाईआधी. इंदुरात कचरागाडी रोज दारात येते आणि माळा उतरवला की त्याच सकाळी सगळं वर्गवारी होऊन रवाना होतं. शहराच्या स्वच्छतेचा मला अभिमान आहे, पण त्यासाठीच नवरात्रात मामा-मावश्यांना फोन करून ठेवा: ‘टीव्हीला लावायचं जुनं काही निघालं तर आधी मला दाखवा.’ सोबतची वही, खोकं, माहितीपुस्तिकाही मागा. लोक यंत्र देतात आणि कागद रद्दीत टाकतात.

४. विकत घेताना

नकली कॅसेट ही सगळ्यात मोठी फसवणूक. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या ‘मेट्रॉईड फ्यूजन’ (२००२) किंवा ‘आरिया ऑफ सॉरो’ (२००३) च्या नकला ढिगाने मिळतात. अस्सल लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा असतो, तो तिरक्या उजेडात दिसतो. खालच्या फटीतून पाहिलं तर सर्किटवर निन्टेन्डोचं नाव वाचता येतं. विकणाऱ्याकडे हे दोन फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. नकली कॅसेट काही महिन्यांत सेव्ह विसरायला लागू शकते, आणि या प्रकारच्या गेममध्ये सेव्ह विसरणं म्हणजे सगळ्या शोधावर पाणी.

दुसरा सापळा विजेचा. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. थेट लावलात तर यंत्र जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर योग्य आउटपुटचा अडॅप्टर. तो निवडताना फक्त व्होल्ट पाहून भागत नाही: फॅमिकॉमच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असतं, तर बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये धन टोक मध्ये असतं. एनइएसचा (फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाचा) अडॅप्टर तर एसी देतो, तो फॅमिकॉमला कधीही लावू नका.

तिसरा, पिनांचा. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, एनइएसची ७२ पिनांची. आपल्याकडचे जुने आठ-बिट डबे ६० पिनांचे, म्हणून अमेरिकन कॅसेट त्यात बसत नाही, मध्ये जोडणी लागते. युरोपातली पाल आवृत्ती स्वस्त दिसली तरी ती ५० हर्ट्झवर चालते आणि कित्येक गेम त्यात हळू होतात. उडीचा अंदाज ज्या गेमचा प्राण आहे, तिथे हे चालवून घेऊ नका.

५. फुंकर मारू नका

लहानपणी सगळ्यांनी मारली. तोंडातली ओल पिनांवर बसते आणि धातू गंजतो. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावा, पिनांवर पुसा, काडी काळी निघायची थांबेपर्यंत नवी घ्या, दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर किंवा सॅन्डपेपर वापरू नका, सोन्याचा पातळ थर निघून जातो.

६. बॅटरीला हात लावण्याआधी सेव्ह बाहेर काढा

ही पायरी सावकाश वाचा, कारण इथे गेलेलं परत येत नाही.

‘सुपर मेट्रॉईड’सारख्या कॅसेटीत सेव्ह एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो आणि तिला जागं ठेवते ती नाण्यासारखी बॅटरी. बॅटरी संपली की गेम चालतो, पण सेव्ह टिकत नाही. बॅटरी काढली की त्याच क्षणी जुना सेव्ह पुसला जातो. कॅसेट वापरलेली घेतली असेल तर आत कुणाचातरी तीस वर्षांपूर्वीचा प्रवास असू शकतो: किती टक्के वस्तू सापडल्या, किती तास लागले, तो खेळणारा कुठे अडकून थांबला. मला या संग्रहात सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. कॅसेटच्या हजारो प्रती आहेत, तो सेव्ह एकच.

क्रम असा ठेवा. पिना साफ करा. कॅसेट वाचणाऱ्या यंत्रात घाला. आधी सेव्ह काढा, मग गेम. दोन्ही किमान दोनदा वाचा आणि दोन्ही वेळच्या फाइलींचं हॅश जुळतं का पाहा. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा: एक बाइट बदलला तरी वेगळा येतो. सेव्हन-झिप बसवलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून तो काढता येतो. गेमच्या फाइलचं हॅश नो-इंट्रोच्या (कॅसेटच्या गेमच्या अस्सल हॅशच्या) यादीशी ताडून पाहा, जुळलं तर वाचन निर्दोष.

‘सुपर मेट्रॉईड’ २४ मेगाबिटचा, म्हणजे फाइल बरोबर ३१,४५,७२८ बाइट हवी. ५१२ बाइट जास्त दिसले तर पुढे जुन्या कॉपी यंत्रांच्या पद्धतीचं शीर्षक चिकटलंय, हॅश जुळणार नाही. ते काढून पुन्हा ताडा. कमी भरली तर पिना अजून मळक्या आहेत.

यानंतरच कॅसेट उघडा. मल्टिमीटरवर नवी बॅटरी तीन व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटीत साधारणपणे सीआर२०३२ असते, गेम बॉयच्या छोट्या कॅसेटीत लहान आकाराची असू शकते, म्हणून जुनीवरचा आकडा वाचूनच नवी आणा. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी घ्या. सोल्डरिंग येत नसेल तर जेल रोडवरच्या हात बसलेल्या कारागिराकडून करून घ्या, पण समोर उभे राहा आणि बजावून सांगा: तापलेली कांब थेट बॅटरीला लावायची नाही, फक्त पट्टीला. बॅटरी तापून फुटू शकते. धन-ऋण टोकांचा फोटो आधीच काढून ठेवा. शेवटी जुना सेव्ह यंत्रातून परत कॅसेटीत लिहा आणि गेम चालू करून तोच नकाशा उघडतोय का ते पाहा.

कायद्याबद्दल हमखास विचारलं जातं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, याच्या कलम ५२(१)(एए) नुसार प्रोग्रॅमची प्रत रीतसर जवळ असणारा माणूस ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून राखीव प्रत काढू शकतो. ही सूट तुमच्या स्वतःच्या प्रतीपुरती आहे. ती प्रत वाटायची किंवा दुसऱ्याची उतरवायची मोकळीक त्यात येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल आहे, तेही वाचून ठेवा.

७. सीडीचे गेम

‘सिम्फनी ऑफ द नाइट’ची प्रत आयएसओ स्वरूपात काढू नका. त्या चकतीवर गेमच्या माहितीशिवाय एक ध्वनिपट्टाही आहे: सीडी साध्या गाण्यांच्या प्लेअरमध्ये लावली तर गेमचा नायक अलुकार्ड ऐकणाऱ्याला इशारा देतो. आयएसओत हा पट्टा गळून पडतो. बिन आणि क्यू अशी जोडी निघेल असंच काढा, इमजीबर्न ते करतं. हॅश रीडंपच्या (चकतीच्या गेमसाठीच्या तशाच) यादीशी ताडा.

आवृत्तीचा फरक इथे फार मोठा आहे. १९९८ मध्ये फक्त जपानमध्ये आलेल्या सेगा सॅटर्न यंत्रावरच्या आवृत्तीत जास्तीचे भाग आहेत आणि मारिया हे पात्र घेऊन खेळता येतं. २००७ च्या पीएसपी आवृत्तीत इंग्रजी संवाद नव्या आवाजांत पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आणि २०१८ चं पीएस४ वरचं संकलन त्यावरच बेतलेलं आहे. १९९७ चे ते आवाज ऐकायचे तर पहिली चकती जपायला हवी.

मेमरी कार्ड विसरू नका. त्यात १५ ब्लॉक असतात आणि विकणारा बहुधा ते पुसून देतो. ‘आहे तसंच द्या’ असं आधी सांगा. अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणाऱ्या मेमकार्डुइनोने ते संगणकावर उतरवता येतं.

८. दुकानच बंद झालं तर?

डाउनलोडचे गेम सुरक्षित आहेत असं वाटतं, आणि नेमके तेच आधी हरवतात. निन्टेन्डोने वी (Wii) या यंत्राचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद केलं, वी यू आणि थ्रीडीएसवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. ‘ला-मुलाना’ या गेमची वीवर आलेली आवृत्ती आज नव्याने विकत घेता येत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर उपलब्ध नव्हते.

म्हणून जिथे निवड असेल तिथे जीओजीसारख्या दुकानातून घ्या. तिथे कुलूप नसलेला इन्स्टॉलर मिळतो, इंटरनेट किंवा खातं नसतानाही तो बसवता येतो. ‘हॉलो नाइट’ तिथे आहे. नुसतं खात्यात असून उपयोग नाही, इन्स्टॉलरचे सगळे तुकडे हार्डडिस्कवर उतरवा. स्टीमवर घेतलेला गेम म्हणजे वापरायचा परवाना असतो, हे आता पैसे भरण्याच्या पानावरच लिहिलेलं असतं.

आवृत्त्यांचं काय? ‘हॉलो नाइट’मध्ये २०१७ आणि २०१८ मध्ये चार मोफत भर आल्या, ‘हिडन ड्रीम्स’पासून ‘गॉडमास्टर’पर्यंत. पहिल्या दिवशीचा गेम आणि आजचा गेम एक नव्हे. नवा इन्स्टॉलर आला की जुना पुसू नका, तारखेच्या फोल्डरमध्ये शेजारी ठेवा. सेव्ह विंडोजच्या अ‍ॅपडेटामधल्या लोकललो फोल्डरात गेम बनवणाऱ्या टीम चेरीच्या नावाखाली सापडतो, तोही वेगळा काढून घ्या.

नव्या खोक्यांतही दगा असतो. स्विच २ च्या काही ‘गेम-की’ कार्डांत गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. खोक्याच्या पुढच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते, ती वाचूनच पैसे द्या.

९. वही, नकाशा, आवृत्ती

१९८६ च्या ‘मेट्रॉईड’मध्ये नकाशा दिसत नाही. लोक चौकटीच्या वहीत स्वतः काढायचे. अशी वही मिळाली तर ती कॅसेटपेक्षा जपा. पानं सुटी करू नका, सेलोटेप लावू नका, ६०० डीपीआयवर स्कॅन करा, कोऱ्या पानांसकट. पासवर्ड कितीही निरर्थक दिसोत, टिपून घ्या. ‘जस्टिन बेली’ हा पासवर्ड असाच खेळणाऱ्यांच्या वह्यांतून आणि तोंडी जगभर पोचला.

वही मिळाली नाही तर तुम्हीच तयार करा. गेम स्वतः खेळा, कुठे अडकलात, कोणतं दार किती वेळाने उघडलं, हे मराठीत लिहा. वीस वर्षांनी कुणालातरी कळायला हवं की इंदूरच्या एका घरात हा गेम कसा उलगडला.

प्रत्येक वस्तूची नोंद करताना नाव, साल, देश, कॅसेटच्या किंवा चकतीच्या पाठीवरचा क्रमांक, हॅश, कुणाकडून आणि केव्हा मिळाली हे लिहा. क्रमांक महत्त्वाचा का? ‘मेट्रॉईड प्राइम’च्या (२००२) पहिल्या प्रतींत खेळणारे ठरलेला क्रम मोडून काही ताकदी आधीच मिळवायचे. नंतरच्या प्रतींत त्या वाटा बंद केल्या. खोक्यावरून हा फरक नेहमी कळतोच असं नाही.

१०. ठेवायची जागा

माळवा रात्री थंड असला तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार जातो, म्हणून पत्र्याखालचा माळा नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की बदला. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची सवय आपल्या घरांत असते, पण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला खाते. गेम असलेल्या डब्यात त्या नकोतच. रबरबँड लावू नका. रिमोट किंवा हॅन्डहेल्डमधले पेन्सिल सेल काढून ठेवा, फुटले की आतले संपर्क गंजतात.

११. प्रती किती?

तीन. दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या घरी. पुण्याला किंवा बडोद्याला बहीण-भाऊ असेल तर तिसऱ्या प्रतीची हार्डडिस्क तिथे पाठवा. वर्षातून एकदा, दसऱ्याला यंत्रांची पूजा करता त्याच दिवशी, सगळ्या डिस्क जोडून हॅश पुन्हा तपासा. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर माहिती गमावू शकते, दीर्घकाळासाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रत असून वाचणारं यंत्र नसेल तर काय होतं, ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने दाखवलं. जॉर्डन मेकनर यांचा १९८९ चा मूळ कोड हरवला असं समजलं जात होतं. २०१२ मध्ये वडिलांनी पाठवलेल्या खोक्यात साडेतीन इंची फ्लॉप्या निघाल्या. त्या वाचायला जुनी यंत्रं आणि ती ओळखणारी माणसं शोधावी लागली, आणि मगच कोड सगळ्यांसमोर आला. म्हणून तुमच्याकडचं वाचणारं यंत्र, त्याची केबल, सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणि ते कसं चालवायचं याचं टिपण हेही त्याच डब्यात ठेवा.

१२. तुमच्यानंतर कोण?

हे घरच्यांशी मोकळेपणाने बोला. त्यांना गेममध्ये रस नसला तरी चालेल, फक्त हे भंगार नाही एवढं ठाऊक हवं. एका पानाची चिठ्ठी लिहा: डबे कुठे आहेत, कोणत्या वस्तू वेगळ्या विकायच्या नाहीत (कॅसेट, तिची वही आणि तिचा सेव्ह एकत्रच द्यायचे), हार्डडिस्कचा पासवर्ड कुठे लिहिलाय, आणि कुणाला द्यायचं. माणूस तरुण निवडा आणि त्याला आधी विचारा. त्याला एकदा घरी बोलावून एक सेव्ह काढून दाखवायला लावा. चिठ्ठीच्या तीन प्रती करा: एक डब्यात, एक बाहेरगावच्या हार्डडिस्कबरोबर, आणि एक घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत, विम्याच्या पावत्यांच्या शेजारी.